विसरलो बुवा!

ऐन दुपारी पंखा थांबला. शेजारच्या घरातला टीव्ही मात्र तसाच बडबडत होता. म्हणजे वीज गेली होती ती फक्त या एका घरची.

सूनबाईने दार उघडून पाहिलं, तर जिन्यातल्या मीटरच्या पेटीपाशी वीज कंपनीचा माणूस पक्कड घेऊन उभा. तिला पाहून तो जरा ओशाळला.

"ताई, माझ्यावर चिडू नका. दोनदा नोटीस लावून गेलो. बिल भरलेलं नाही."

"भरलंय हो! आमचे सासरे स्वतः गेले होते."

"मग पावती दाखवा, आत्ताच्या आत्ता जोडतो."

पावती कुठून दाखवणार? तेवढ्यात अण्णाच जिना चढून वर आले. आधी त्यांनी पक्कड पाहिली, मग सुनेचं तोंड पाहिलं आणि फाडकन कपाळावर हात मारून घेतला.

"अरे देवा! विसरलो बुवा! साफ विसरलो!"

"आणि पैसे, अण्णा?"

"ठेवले असतील कुठेतरी. आता कुठे, तेच आठवत नाही बघ."

अशा माणसावर चिडायचं तरी कसं? अण्णा म्हणजे जन्मभर शाळेत गणित शिकवलेले मास्तर. वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्या छडीला घाबरून पाढे शिकलेली. हा पक्कडवालाही त्यातलाच निघाला. "मास्तर, मी तुमच्याच वर्गात होतो, शेवटच्या बाकावर," असं म्हणत त्याने तार परत जोडली आणि उद्या बिल नक्की भरायला सांगून तो निघून गेला. जाता जाता सूनबाईला हळूच म्हणाला, "वय झालं हो मास्तरांचं. आमच्या आजोबांचंही असंच सुरू झालं होतं."

वय झालं! मंडळी, हे दोन शब्द भारी सोयीचे असतात. एकदा म्हातारपणाच्या डोक्यावर खापर फोडलं की बाकी कुणाला काही विचारायला नको आणि कुणाला काही सांगायलाही नको.

तसं अण्णांचं विसरणं गेलं वर्षभर चालू होतं. गॅसच्या टाकीसाठी दिलेले पैसे ते बागेतल्या बाकावर विसरले. मनगटावरचं घड्याळ दुरुस्तीला टाकलं आणि दुकान कुठलं तेच विसरले. हातापायांना मालीश करून घेताना न्हाव्याकडे अंगठी काढून ठेवली, ती तिथेच राहिली. सूनबाईच्या नवऱ्याने जाऊन विचारलं तेव्हा न्हावी बिचारा शपथा घ्यायला लागला. शेवटी दोघांनी मिळून दुकानातले सगळे कोपरे झाडले. अंगठी काही सापडली नाही.

पण या सगळ्यात जिवाला लागलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे सासूबाईंचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. भाजी चिरायच्या ऐवजी बोट चिरायची वेळ यायची. नातीच्या गालावरून हात फिरवून त्या विचारायच्या, "चिंगे, दात आले का गं पुढचे?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आता फार थांबू नका. शस्त्रक्रियेचे पैसे अण्णांच्या खात्यात बाजूला काढलेले होते. पण शस्त्रक्रियेसाठी मिळालेल्या पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी अण्णा पैसे भरायला विसरले आणि दुसऱ्या वेळी म्हणे तारीखच विसरले. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं. त्यांना आठवत नाही, मला दिसत नाही. जोडा चांगला जमलाय."

हसले सगळे. सूनबाई मात्र हसली नाही.

सूनबाई कामाला होती मोठ्या रुग्णालयाच्या तपासणी प्रयोगशाळेत. सकाळी जाऊन आधी यंत्राला ठरावीक रक्ताचा नमुना लावायचा, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं. ते बरोबर आलं तरच यंत्रावर विश्वास ठेवायचा आणि मग रोग्यांचे नमुने घ्यायचे, असा तिथला रिवाज. आणि दुसरा एक कडक नियम: घरच्या माणसाचा नमुना स्वतः तपासायचा नाही, शेजारच्या टेबलावर द्यायचा. सूनबाईने इतकी वर्षं तो कधी मोडला नव्हता.

या वेळी मोडला. अण्णांचं रक्त तिने घरी काढलं, स्वतःच नेलं, स्वतःच तपासलं. विसरभोळेपणा कशाकशाने येतो ते तिला पाठ होतं. साखर, थायरॉइड, बी-बारा, क्षार, सगळं बघितलं. आणि सगळं ठणठणीत! इतकं ठणठणीत, की तिला रडूच आलं. म्हणजे हा मेंदूचाच आजार, ज्याला परतीची वाट नाही, असं तिने मनाशी धरून टाकलं.

ते कागद घेऊन ती जेवणाच्या सुट्टीत वरच्या मजल्यावर गेली. तिथे मनाच्या आजारांच्या एक वयस्कर डॉक्टर बसायच्या. आवाज घोगरा, चहा बिनसाखरेचा आणि बोलणं त्या चहासारखंच. सगळं रुग्णालय त्यांना बाई म्हणायचं.

बाईंनी कागद पाहिले आणि उलटे करून ठेवले.

"घरच्याचं रक्त स्वतःच तपासलंस?"

सूनबाईची मान खाली.

"नियम का केलाय माहितीये ना? घरचं माणूस असलं की आपल्याला जे सापडायला हवं असतं, तेच आपण शोधतो. बरं, सांग, काय काय विसरतात?"

सूनबाईने सगळा पाढा वाचला. बिल, गॅस, घड्याळ, अंगठी, शस्त्रक्रियेचे पैसे.

"आता मला सांग, त्यांना काय काय आठवतं?"

हे सूनबाईला कुणी विचारलंच नव्हतं. तिने स्वतःला तरी कुठे विचारलं होतं?

"चष्मा विसरतात?"

"नाही."

"घरचा रस्ता चुकतात? बायकोची औषधाची वेळ?"

"छे! घड्याळ नसलं तरी थेंब वेळेवर घालतात. चिंगीला एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून दाखवतात."

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "बाजारात ज्याला किंमत येते, तेवढंच विसरतो म्हणायचा हा माणूस."

सूनबाईला बाईंचा रागच आला. अण्णांसारख्या देवमाणसाबद्दल असं बोलायचं? ती कागद उचलून तरातरा खाली आली. पण डोक्यात शिरलेला किडा थोडाच तिच्या मागे जिन्यात राहणार होता?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून पाठमोरे बसले होते, हातात मोबाईल. सासूबाई भिंतीला टेकून शेंगा सोलत होत्या.

"ऐकलंस?" सासूबाई एकदम म्हणाल्या.

"काय, आई?"

"आता त्यांनी श्वास धरलाय. थांब हं, आता सोडतील." आणि खरंच, गॅलरीतून एक लांब उसासा ऐकू आला. "डोळे गेल्यापासून मला हेच ऐकू येतं बघ. तो फोन टिंग करतो, की यांचा श्वास अडकतो. जेवताना असंच, नातीला शिकवताना असंच. मध्ये तर चिंगीने फोन खेळायला घेतला म्हणून केवढे खेकसले तिच्यावर! कधी जन्मात पोरांवर आवाज चढवला नव्हता त्यांनी."

सूनबाईने घडी तशीच मांडीवर ठेवली. उठून बघावं असं वाटलं आणि बघू नये असंही वाटलं. शेवटी ती उठली नाही. पण दुसऱ्याच दिवशी तिने अण्णांना सांगितलं, "उद्या माझ्याबरोबर रुग्णालयात यायचं. स्मरणशक्तीची तपासणी करून घेऊ."

अण्णा लगेच तयार झाले. फारच लगेच.

बाईंच्या खोलीत अण्णा बसले ते परीक्षेला बसल्यासारखे, फक्त नापास व्हायची तयारी करून. बाईंनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: चावी, छत्री, घोडा. थोड्या गप्पा मारून परत विचारलं, तर अण्णांनी डोकं खाजवत एकच शब्द सांगितला. वार विचारला, तो चुकवला.

"बरं मास्तर, शंभरातून सात वजा करत जा बघू."

"नाही हो जमत आता," अण्णा केविलवाणे हसले. "सगळं पुसलं गेलं."

"असू दे, असू दे. मीच म्हणते, तुम्ही नुसतं ऐका." बाईंनी चहाचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघत सावकाश सुरू केलं, "शंभरातून सात गेले, त्र्याण्णव. त्र्याण्णवातून सात गेले, शहाऐंशी. शहाऐंशीतून सात गेले... अठ्ठ्याहत्तर."

"एकोणऐंशी!" अण्णा गरजले. "हातचा धरा की, हातचा!"

झालं! खोलीत अशी शांतता पसरली, की बाहेरच्या रांगेतल्या बाळाची उचकी ऐकू आली. जन्मभर फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस! एक वेळ स्वतः खोटं बोलेल, पण समोरच्याची वजाबाकी चुकलेली त्याला कशी सहन व्हावी?

बाईंनी कप खाली ठेवला. आवाज जराही चढवला नाही.

"मास्तर, एका उत्तरावरून मी रोग ठरवत नसते. पाठांतर शेवटपर्यंत टिकतं कुणाकुणाचं. म्हणून तुम्हालाच विचारते. काय खेळता?"

अण्णा सुनेकडे बघेनात. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "पत्ते. फोनवर. पैसे लावून."

जुगार! जुगारी म्हणजे सूनबाईच्या डोळ्यांपुढे यायचा तो तोंडाला वास येणारा, रस्त्यात पडलेला, बायकोला मारणारा माणूस. रोज सकाळी बायकोच्या डोळ्यांत थेंब घालणारा, धुतलेल्या सदऱ्यातला हा म्हातारा त्यात कुठे बसत होता?

बाई मात्र ताप विचारावा तितक्या साधेपणाने विचारत गेल्या. सुरुवात कशी झाली?

"बागेत एकाने दाखवलं. पहिल्याच आठवड्यात जिंकलो हो! गणिताचा माणूस मी. वाटलं, ही तर आपली शेती. कुठला पत्ता येईल याचा अंदाज मला बांधता येतो."

"मग थोडे लावून समाधान होईना."

"तुम्हाला कसं कळलं? पहिल्यासारखी मजा यायला जास्त लावावे लागायचे. मग हरलो. मग हरलेलं परत आणायचं म्हणून खेळलो. बाकी कशासाठी खेळतो आता? गेलेलं आणायला तर खेळतो!"

"बंद करून पाहिलंत?"

"किती वेळा! चिंगीची शपथ घेतली, फोन पिठाच्या डब्यात लपवून ठेवला. दोन दिवस नुसती तळमळ. जेवण जाईना, झोप येईना. तिसऱ्या दिवशी पिठात हात घालून काढलाच."

"आणि घरी?"

आता अण्णांनी पहिल्यांदाच सुनेकडे पाहिलं. "पहिलं बिल चुकलं ना, तेव्हा मी खरं सांगणार होतो गं. तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तूच म्हणालीस, 'विसरलात का अण्णा?' मी हो म्हटलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्यानंतर कुणी विचारलंच नाही. बदाम भिजवून द्यायला लागलात, चिंगी माझा हात धरून रस्ता ओलांडायला लागली. मला लाज वाटायची. पण मास्तर विसरतो म्हटलं की लोक हळहळतात, मास्तर जुगार खेळतो म्हटल्यावर थुंकले असते."

चोरवाट दाखवली होती ती तिनेच! आणि वर बदामही दिले होते! सूनबाईला धड रागावता येईना, धड रडता येईना.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मास्तर, एक विचारते, खरं सांगायचं. मरून जावंसं वाटतं का?"

अण्णांनी टेबलावरून अंगठा काढून घेतला. "तिच्या डोळ्यांच्या पैशांना हात लावला, त्या दिवशी वाटलं होतं. परत नाही वाटलं."

"सांगितलंत ते बरं केलंत. पुन्हा वाटलं, तर त्याच मिनिटाला घरात सांगायचं किंवा सरळ इथे यायचं. हे सोडून दुसरा कुठलाही नियम मोडलात तरी मी ऐकून घेईन." मग त्या सूनबाईकडे वळल्या. "तुझ्या यंत्रात हे कधीच सापडलं नसतं. याला दारूसारखा वास येत नाही, झोक जात नाही, रक्तात काही उतरत नाही. पण आजार आहे हा, नाव असलेला, ओळखता येणारा आणि उपचार असलेला. सतत तोच विचार, वाढत जाणारा डाव, हरलेल्याच्या मागे धावणं, थांबवलं की तगमग आणि लपवालपवी. एवढं सगळं एका माणसात दिसलं, तर आणखी कुठल्या पुराव्याची वाट बघायची?"

सूनबाईच्या नवऱ्याला हे सांगणं मात्र महाकठीण होतं. तो बेकरीत भट्टीवर कामाला. त्याने सगळं ऐकून घेतलं, ॲप्रन काढून आपटला आणि दुसऱ्या दिवशी कामावरून तसाच पिठाच्या हातांनी बाईंच्या खोलीत जाऊन थडकला.

"मी आगीपुढे भाजून निघतो आणि हे आईच्या डोळ्यांचे पैसे उधळतात! आणि तुम्ही म्हणता आजार? उद्या मी दरोडा घातला, तर त्यालाही आजार म्हणा!"

"बसा," बाई म्हणाल्या.

"मला नाही बसायचं!"

"मग उभ्याने ऐका. तुमच्या बेकरीत मधुमेहवाले येतात?"

"रोज येतात."

"पथ्य कुणी पाळायचं? त्यांनी की तुम्ही?"

"त्यांनीच! मी काय करणार?"

"बरोबर. आजार म्हटलं म्हणून जबाबदारी टळत नाही. पथ्य मास्तरांनाच पाळायचं आहे आणि झालेलं नुकसानही त्यांनीच भरून काढायचं आहे. पण मधुमेहवाल्याने चोरून मिठाई खाल्ली, म्हणून त्याला कुणी घराबाहेर काढतं का? त्याच्यासमोरची बशी उचलतो आपण. तुम्ही बशी उचला. त्यांच्या हातात रोख पैसे द्यायचे नाहीत, खात्यावर दोघांची सही ठेवायची, तो फोन बदलायचा. गुपचूप देणी फेडून मोकळं व्हायचं नाही, त्याने आजार पोसला जातो. आणि रागावायचं असेल तर खुशाल रागवा. फक्त अबोला धरू नका. अबोल्यात हा आजार फार छान वाढतो."

नवरा बसला. बराच वेळ हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत राहिला. "त्यांच्याच शाळेत होतो मी," तो शेवटी म्हणाला. "एकदा कॉपी केली, तर सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं त्यांनी मला. म्हणाले होते, चुकलेलं गणित खोडायचं नसतं, त्याच्याखाली बरोबर करून दाखवायचं असतं."

"मग आता त्यांचं गणित त्यांना खालीच सोडवू द्या," बाई म्हणाल्या.

सासूबाईंना सांगायचं काम अण्णांनी स्वतःकडे घेतलं. संध्याकाळी ते त्यांच्याजवळ जाऊन बसले. सूनबाई आतल्या खोलीत होती, पण कान काही तिला आत ठेवता आले नाहीत.

"अगं, मी विसरत नाही."

"ठाऊक आहे मला."

अण्णा चमकलेच. "ठाऊक आहे?"

"एवढी वर्षं संसार केला. विसरलेला माणूस गोंधळतो. तुम्ही घाबरायचात. आवाजात कळतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं, एखादी बाई असेल!"

"या वयात?"

"फोन टिंग वाजला की श्वास काय धरता, गॅलरीत काय पळता, मग मला दुसरं काय वाटणार हो?" आणि इतक्या दिवसांनी त्या म्हातारा-म्हातारीला असं काही हसू फुटलं, की अण्णांना ठसका लागला. हसता हसताच अण्णा रडायला लागले आणि मग त्यांनी सांगितलं. पत्ते, पैसे, डोळ्यांची तारीख. सासूबाई म्हणाल्या, "बाई असती तर कधीच झोडपून काढली असती. याला कुठे झोडपू?"

त्यानंतरचं सगळं सरळसोट झालं असं कुणी समजू नये. अण्णांच्या हातात बटणांचा साधा फोन आला. दर आठवड्याला ते रुग्णालयाच्या तळमजल्यावर जायला लागले. तिथे बाईंच्या देखरेखीखाली त्यांच्यासारखीच माणसं जमायची: एक शिंपी, एक बँकेतून निवृत्त झालेली बाई, एक कॉलेजातला पोरगा. पहिल्या दिवशी अण्णा दारातूनच परत आले. पुढच्या वेळी सूनबाई दारापर्यंत सोडायला गेली.

दुपारी त्यांनी गणिताची शिकवणी सुरू केली. पहिली विद्यार्थिनी आली ती त्या पक्कडवाल्याची मुलगी. फी सूनबाईच्या हातात जायची आणि तिथून डोळ्यांच्या पैशांत. नवऱ्याने सुट्टीचे दिवसही भट्टीवर काढले.

आणि मध्येच एका सकाळी, सगळे चहा पीत असताना अण्णांनी कप खाली ठेवला.

"काल खेळलो."

सगळ्यांचे हात थबकले.

"बागेत. त्या पत्ते दाखवणाऱ्याच्या फोनवर. शिकवणीची फी एका मुलाने माझ्याच हातात दिली होती. गेली."

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. आता हा कप भिंतीवर फेकणार, अशी तिची खात्रीच झाली. त्याच्या मानेची शीर ताठली होती. पण तो तोंड फिरवून म्हणाला, "सांगायला विसरला नाहीत, हे बरं केलंत."

मग स्वतःच उठून वडिलांसाठी दुसरा चहा ओतला. त्या दिवशी अण्णांना बाईंकडे घेऊन गेला तोही तोच.

मंडळी, तुमच्या-माझ्या घरातही विसरणारी, चिडणारी, सारखी कसल्या तरी विवंचनेत असणारी माणसं असतात. आपण त्यांना पटकन एखादं सभ्य नाव देऊन टाकतो. वय झालं, कामाचा ताण, स्वभावच तसा. ते नाव त्यांच्या सोयीचं असतं, त्याहून आपल्या सोयीचं असतं. जुगाराचं वेड हे वाईट माणसांनाच लागतं, असं आपण धरून चालतो आणि म्हणूनच चांगल्या माणसांना ते लागलेलं आपल्याला दिसत नाही. विचारा त्यांना! रागाने नव्हे, पण सरळ विचारा. आणि खरं उत्तर आलं, तर ते ऐकायची छाती ठेवा. आजार ओळखला, तरच त्याच्यावर इलाज होतो. लपवलेल्या आजारावर कुणीही इलाज केलेला नाही.

आणि हो, सासूबाईंचं सांगायचं राहिलंच. त्यांची पट्टी काढली त्या सकाळी सगळे हजर होते. त्यांनी आधी चिंगीचे पुढचे दात पाहिले, मग लेकाचे भाजलेले हात पाहिले आणि मग अण्णांकडे बघत राहिल्या. किती तरी वेळ.

"अहो, केवढे वाळलात! आणि हे बोट बघा, अंगठीच्या जागी कसं पांढरं पडलंय. त्या न्हाव्याकडे मेली सापडलीच नाही ना शेवटी?"

अण्णांनी सगळं सांगितलं होतं, पण अंगठीचं सांगायला जीभ उचलली नव्हती. लग्नातली अंगठी ती. सूनबाईच्या ओठांवर आलंच होतं, 'आई, विसरले हो ते कुठेतरी!' तिने ते दातांखाली दाबलं आणि गप्प उभी राहिली.

"न्हाव्याकडे नव्हतीच ती," अण्णा म्हणाले. शब्द स्वच्छ होते. "मी विकली. त्या पैशांनी खेळलो. त्या न्हाव्याचीही माफी मागायची आहे मला."

सासूबाईंचे नवे डोळे भरून आले. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं होतं, तरी आले. त्यांनी पदराने गालच टिपले, डोळ्यांना हात लावला नाही.

"आजच जाऊ या न्हाव्याकडे," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. "धरा. जिना दिसतोय मला, पण एकटीने उतरायची सवय गेलीये."

अण्णांनी तो हात धरला.